तिसरी बॅटरी

"पुन्हा बसली की रं," भानुदासतात्या फोनवर म्हणाले,
म्हैस बसावी तशी.
मी सेल्फचे कार्बन घासत होतो. तसाच उठलो.
विट्याहून लेंगरे, मागच्या सीटला एक भरलेली बॅटरी करकचून बांधलेली,
दोन्ही बाजूंना शाळू पोटरीत आलेला,
आणि थंडी अशी की हँडलवरची बोटं कुणा दुसऱ्याची.

तात्यांचा थोरला त्रिचूरला सोनं गाळतो.
गाडी इथं, गोठ्याशेजारी, ताडपत्रीखाली,
यात्रेला आणि दिवाळीला लागते म्हणून.

चावी फिरवली. कट्.
नुसतंच कट्.
हा आवाज मला कळतो: सोलेनॉइडनं हात पुढं केलाय,
पिनियन जाऊन फ्लायव्हीलच्या दातांना भिडलंय,
पण मागून ढकलायला कुणी नाही.
हेडलाइट मागून मागून दहा अँपियर मागतील,
हॉर्न चार-पाच.
सेल्फला मात्र दीडशे लागतात, आणि आत्ताच्या आत्ता.

मीटरवर अकरा पॉइंट दोन.

दोन वर्षांत ही तिसरी.
एक वॉरंटीत बदलून दिली, दुसरीचे पैसे घेतले.
ते त्या दिवशी बोचलं.

ज्यांच्या हाताखाली शिकलो ते दस्तगीरमामा शिकलगार,
ॲसिडनं ज्यांचा एकही शर्ट अख्खा नव्हता,
म्हणायचे, बॅटरी वीज करत न्हाई पोरा, ती कणगी हाय.
कणगीला शिव्या देऊ नको.
आधी कोण भरतंय ते बघ, मग कोण काढतंय.
आणि त्याच्याही आधी अर्थ बघ,
बॉडीला कसलेली ती काळी वायर.
अर्थ सैल असला की समदं खोटं दिसतं.

अर्थ बघितला. घट्ट.
आणलेल्या बॅटरीवरून जंपर लावला,
इंजिन खोकलं, लागलं,
पट्टा फिरला, अल्टरनेटर फिरला,
चौदा पॉइंट दोन. भरणारा चोख.
बंद करून गळती मोजली. घड्याळापुरती.
घरात चोर नाही.

मग ड्रायव्हरच्या सीटवर नजर गेली.
पानाची चंची. चष्म्याचं घर.
पाठीला लावलेली घडी घातलेली घोंगडी.

"तात्या, गाडीत बसता?"

ते गोठ्याकडं बघायला लागले.
दूध डेअरीला घालून आलं की बसतो म्हणाले, घटकाभर.
नातवंडांनी पेनड्राइव्ह ठेवलाय, तिकडची गाणी.
शब्द एक कळत न्हाई.
दार उघडं ठेवतो, उजेड ऱ्हातो आत.

"आणि इंजिन?"
"इंजिन कशाला? जायचं कुठं?"

मी बोनेट लावायला गेलो, उगाच वेळ लावला.
मग सांगितलं, माझ्या परीनं:
सेल्फ एका दमात घेतो
ते फेडायला चाकांना चांगली मजल मारावी लागते,
जागेवर दहा मिनिटं घुरघुरून भागत नाही.
आणि रिकामी ठेवली की आत प्लेटांवर पांढरं धरतं,
कृष्णाकाठच्या क्षारपड रानासारखं.
मग कितीही सोडा, रान पाणी घेत नाही.

"म्हंजे मीच खाल्ल्या दोन्ही."
मी नाही म्हणालो नाही.

चौथी विकली नाही. तीच काढून दुकानात नेली,
रात्रभर चार अँपियरवर ठेवली,
घाई केली की प्लेटा वाकतात.
पहाटे झाकणं उघडली तर बारीक बुडबुडे येत होते,
हायड्रोमीटरचा तरंगा हिरव्यापर्यंत आला. जेमतेम.

रविवारी तात्या शेजारच्या सीटवर,
चंची मांडीवर, पट्टा लावायला तयार नाहीत.
खानापूरपर्यंत जाऊन येऊ म्हटलं.
चावी फिरवली, आणि सेल्फ
एकदाच, खणखणीत ओरडून बाजूला झाला.
त्याचं काम तेवढंच.

चढाला लागल्यावर तात्यांनी बोट नेऊन बटण दाबलं,
तिकडची गाणी.
थोडा वेळ ऐकलं.

"आत्ता आपुन खातोय का भरतोय?"
"भरतोय, तात्या."
"मग वाढीव की आवाज."